मुगाच्या बशा

त्या वर्षी आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा स्टीलच्या पेल्यातून मिळायचा. अम्मीच्या लग्नातल्या निळ्या काठाच्या सहा बशा आणि पाथर्डीच्या बाजारातून आणलेल्या आणखी दोन डझन, सगळ्या खिडकीखालच्या फळीवर ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक बशीत पंधरा मूग, आणि मुगावर पाणी घालून पातळ केलेलं गाईचं मूत. पाहुणा पेला हातात घेऊन इकडेतिकडे बघायचा आणि शेवटी न राहवून विचारायचा, "भाभी, वास कसला येतोय?" अम्मी म्हणायची, "रेहानाचा अभ्यास चाललाय." जणू अभ्यासाला असाच वास असतो. खरी पंचाईत अब्बांची व्हायची. त्यांना चहा बशीत ओतून, फुंकर घालून, आवाज करत प्यायची सवय. पेल्याचा काठ ओठाला भाजायचा. ते दोन घोट घेऊन पेला खाली ठेवायचे, फळीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मूग झाले डॉक्टर, आणि आम्ही झालो भिकारी."

आमच्या घरची बोली दखनी. इथे मात्र मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे, कारण हे ज्यांनी वाचायला हवं ती माणसं मराठी वाचतात.

घर म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्याचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे पत्र्याचा गोठा, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली लोखंडी खोडा. जनावर खोड्यात घातलं की आडवा पाइप सरकवायचा जो खणखणाट व्हायचा, तो माझ्या लहानपणाचा पहिला आवाज. शाळेत जाताना तो ऐकायचा, अभ्यास करताना तो ऐकायचा. अब्बा तिथे व्रणोपचारक होते. सरकारी कागदावर एवढा भारदस्त शब्द, काम मात्र जखमा धुण्याचं, पट्ट्या बांधण्याचं, सुया उकळण्याचं, डॉक्टर हात घालत असताना गाईची शेपटी धरून उभं राहण्याचं. डॉक्टर यायचे, तीन वर्षांत बदली करून घ्यायचे. अब्बा राहिले. सगळी पंचक्रोशी त्यांना शेखमामा म्हणायची.

त्यांची नजर हा गावात थट्टेचा आणि भरवशाचा असा दोन्ही विषय होता. रस्त्याने गाय चालली असली की कुणीतरी मुद्दाम हाक मारायचं, "मामा, ही कशी हाय?" अब्बा हातातलं काम न सोडता बघायचे. "गाभण. दोन महिने." किंवा, "रिकामी. माजाचा चिकट बळस टाकून गेली असेल, तुमचं लक्ष नव्हतं." दोन महिन्यांच्या पोटाचं बाहेरून काही दिसत नाही. मी पुढे आयुष्यभर हेच शिकवत आले. तरी अब्बा क्वचितच चुकायचे. मी विचारायचे, "कशावरून?" ते म्हणायचे, "चालीवरून." कधी म्हणायचे, "केसावरून." कधी, "ती माझ्याकडे कशी बघते त्यावरून." मी वैतागायचे. कॉलेजात जायच्या आधीच त्यांनी मला गाय तपासायला शिकवलं होतं. खांद्यापर्यंत तेल, नखं मुळापासून कापलेली, बांगड्या अम्मीच्या हातात काढून दिलेल्या. "आत हात गेला की डोळे मीट," ते म्हणायचे. "डोळ्यांचं तिथे काम नाही. बघत राहिलीस तर हाताला ऐकू येणार नाही." आजही माझ्या विद्यार्थ्यांना मी डोळे मिटायला लावते. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं एकाने मागे विचारलं. मी तेलाची बाटली त्याच्यापुढे केली.

पदव्युत्तर संशोधनाचा विषय व्हेटर्नरी कॉलेजातल्या माझ्या सरांनी सुचवला आणि तो मला लगेच आपलासा वाटला. गाभण गाईच्या मुतात भिजवलेलं बी रुजत नाही, काळं पडतं. रिकाम्या गाईच्या मुतात रुजतं. हे जुनं ज्ञान आहे, ते आपल्या भागात किती खरं ठरतं ते बघायचं. सरांना त्यातला शास्त्राचा भाग हवा होता. मला आमचा तालुका दिसत होता. आमच्याकडे दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जाण्याआधी प्रत्येक घरात गाईचा एक निर्णय असतो. गाय गाभण असेल तर ती घरी म्हाताऱ्या माणसांपाशी ठेवायची, परत आल्यावर दूध सुरू. रिकामी असेल तर उन्हाळाभर तिला चारायचं कुणी आणि काय? ती बाजारात न्यायची. पोळ्याच्या सुमाराला रेतन करून भरवलेली गाय दसऱ्याला जेमतेम महिना-सव्वा महिन्याची असते. एवढ्या लवकर हाताला खात्रीने काही लागत नाही. तेव्हा गावात सोनोग्राफी कुठली असणार. म्हणून बशी. चार मूग आणि फुकटचं मूत, आणि बाईमाणसाला घरच्या घरी कळेल असं उत्तर. माझ्या गावच्या बायकांसाठी मी काहीतरी करणार होते, या विचाराने मला झोप लागायची नाही.

पद्धत सरांनी कडक घालून दिली होती. कुठली बाटली कुठल्या गाईची हे मला कळता कामा नये. म्हणून बाटल्या अब्बांनी आणायच्या, वर नुसता नंबर चिकटवायचा, गाईचं आणि मालकाचं नाव त्यांच्या वहीत. मी बशा मांडायच्या, पाचव्या दिवशी किती मूग रुजले ते मोजायचं. तीन महिन्यांनी सर स्वतः येऊन त्याच गाई हाताने तपासणार, आणि मगच वही आणि बशा शेजारी ठेवायच्या. पहाटे अब्बा सायकलला पिशवी लावून निघायचे. गाय मुतायला लावायची त्यांची हातोटी होती. शेपटीखाली अंगठ्याने हळूहळू चोळायचं, तोंडाने पाणी पडल्यासारखा आवाज करायचा. गाय पाठीची कमान करायची आणि अब्बा बाटली धरायचे. मी केलं की गाय लाथ उचलायची.

पहिल्या आठ बाटल्यांनी मला रडवलं. कुठे सात रुजले, कुठे नऊ, कुठे सगळेच काळे. नुसत्या पाण्यातले सुद्धा एका बशीत तीन रुजेनात. काही अर्थच लागत नव्हता. मी जेवण टाकलं. अम्मी ताट झाकून ठेवायची, मी उघडायचे नाही. अब्बा दारात उभे राहून म्हणाले, "गाय काय यंत्र आहे? एक जास्त पाणी पिते, एक कमी पिते." मी म्हटलं, "मग माझी डिग्री गाईला द्या."

नवव्या बाटलीपासून सगळं बदललं. एका बशीत सगळे पंधरा मूग पांढरे कोंब काढून उभे, शेजारच्या बशीत एकही नाही, सगळे तपकिरी, मेल्यासारखे. मधलं काही नाही. दहावी, अकरावी, बारावी, सगळ्या तशाच. मी आनंदाने बशा हातात घेऊन घरभर फिरले. पहिल्या आठांना मी वहीत 'सराव' असं नाव दिलं आणि हिशेबातून काढून टाकलं. तेव्हा कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. ते माझं मी केलं. तीन महिन्यांनी सर आले, खोड्यात एकेक गाय तपासली, मग वही उघडली. एक-दोन सोडता सगळं जुळत होतं. हात धुताना ते म्हणाले, "रेहाना, इतके स्वच्छ आकडे मी माझ्या नोकरीत पाहिले नाहीत." अब्बांनी त्यांच्या हातावर साबण ठेवला आणि मान खाली घातली. मला वाटलं, अभिमानाने.

पण मी सांगता सांगता पुढे गेले. मला कौसामावशीबद्दल सांगायचं आहे.

कौसामावशी गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. उंच, हडकुळी, तोंडाची फटकळ, कोयत्याच्या टोळीत पुरुषाच्या बरोबरीने मोळ्या उचलणारी. हुलग्याचे शेंगोळे केले की झाकलेलं पातेलं घेऊन आमच्याकडे यायची आणि अम्मीला म्हणायची, "भाभी, खा. तुमच्या हातचं गुळगुळीत लागतं, आमच्या हातचं खरबरीत. पोटाला दोन्ही पायजे." तिची लाखी नावाची गावरान गाय होती, लाखेच्या रंगाची, शिंगं आत वळलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्याच दवाखान्यात भरवली होती. टोळी निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मावशी माझ्या फळीपुढे येऊन बसली. "पोरी, माज्या लाखीची बशी कंची?"

मी म्हटलं, "मावशी, मला नंबरच माहीत नसतो. नियम आहे."

"नियम तुज्या सायबाला. मला परवा ट्रकात बसायचंय. सासूला गाय ठिवायची का बाजारात न्यायची, ते सांग."

अब्बा दारात होते. मीच विचारलं, "अब्बा, नंबर?" जरा थांबून ते म्हणाले, "सत्तावीस." मी सत्तावीस नंबरची बशी पुढे ओढली. पंधराच्या पंधरा रुजलेले. मावशीने एक कोंब बोटाने वर केला, बघितला, परत ठेवला. "म्हंजे रिकामी."

"रिकामी," मी म्हटलं. माझ्या शास्त्राने दिलेलं ते पहिलं उत्तर. मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, ते आठवलं की अंगावर काटा येतो.

लाखी घोडेगावच्या बाजारात गेली. मावशी टोळीबरोबर गेली. दिवाळीच्या आत सगळं गाव रिकामं झालं, वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरली. मी कॉलेजवर जाऊन प्रबंध लिहीत बसले. सत्तावीस नंबरची गाय विकली गेल्यामुळे पडताळता आली नाही, म्हणून ती यादीतून गळली. एक ओळ, बस.

मृगात मी घरी आले होते. प्रबंधाच्या प्रती बांधायला टाकल्या होत्या, आठवड्यात द्यायच्या होत्या. सकाळी मी गोठ्याच्या दारात भाकरी खात बसले होते, तोंडात ठेचा, तेव्हा कौसामावशी आली. उसाच्या पाचटाने चिरलेले हात, चेहरा उन्हाने काळवंडलेला. पातेलं नव्हतं आणलं. ती समोर उकिडवी बसली.

"लाखी व्याली," ती म्हणाली. "नेवाशाकडं दिलीया, माज्या दिरानं डोळ्यानं बघितली. कालवड झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी भरवली हुती, मिरगात व्याली. मोज तूच. आमाला लिव्हता येत न्हाई, पर म्हैनं मोजता येत्यात."

मी मोजले. नऊ महिने आणि वर थोडे दिवस. बरोबर होते.

"मग मावशी, एखादी बशी चुकते," मी म्हटलं. "शंभर टक्के काही नसतं."

"बशी चुकू दे गं. मला येक कळंना. मामांनी त्या दिशी मूत न्हेलंच न्हाई, मग तू बशीत काय घातलंस?"

मी भाकरी खाली ठेवली. ती सांगत होती, अगदी सहज. त्या सकाळी लाखी माळावर गेली होती. मामा आले, चहा प्याले, मग माळावर जाऊन लाखीकडे उभ्याउभ्या बघितलं. "मीच म्हनलं, मामा, ही परवा लई हंबरत हुती. म्हंजे ठरली नसंल. मामा म्हनलं, असं व्हय? आन् गेलं. बाटली रिकामीच हुती पिशवीत, मी बघितली ना."

काही गाई पोटात गर्भ असूनही माज दाखवतात. हे अब्बांना माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी मावशीच्या शब्दावर विश्वास ठेवला. मावशीला हे माहीत नव्हतं, म्हणून ती आपल्यालाच दोष देत होती. "सासू उठता-बसता म्हनती, तुज्या तोंडानं गाय गेली," ती म्हणाली. "मला फकस्त यवडं सांग, चुकलं कुनाचं? माजं, का तुमचं?"

मी म्हटलं, "उद्या ये. वही बघून सांगते."

अब्बा चांदीला खरारा करत होते. चांदी आमची गाय, बशा मांडल्या तेव्हा गाभण. शेजारच्या क्वार्टरमध्ये शिपायाची मोरी नावाची गाय होती, ती दोन वर्षं भाकड. मी विचारलं, "सत्तावीसच्या बाटलीत काय होतं?"

त्यांचा हात थांबला नाही. "लाखीचं."

"अब्बा."

खरारा चांदीच्या पाठीवरून खाली आला. "मोरीचं," ते म्हणाले.

"आणि अठ्ठावीस?"

"चांदीचं."

"कुठपासून?"

"नऊपासून."

आत अम्मी कपबशा धूत होती. पाण्याचा आवाज बंद झाला. ती दारात आली आणि म्हणाली, "तिला आधी जेवू द्या." त्या चार शब्दांत मला कळलं की तिलाही माहीत होतं. आम्ही घरात तीन माणसं, आणि तिघांपैकी दोघांना माहीत होतं. वर्षभर तिने ज्या बशा माझ्यासाठी धुतल्या, पुसल्या, ओळीने मांडल्या, त्यांत काय आहे ते तिला ठाऊक होतं.

"तुला रडताना बघवलं नाही," अब्बा म्हणाले. "पहिल्या आठ बाटल्या मी इमानाने आणल्या. बशीला काही कळत नव्हतं. मला गाय कळते. म्हणून मी बशीला सांगितलं."

त्यांनी गाईकडे बघायचं, मनात ठरवायचं, आणि गाभण वाटली तर चांदीचं, रिकामी वाटली तर मोरीचं मूत बाटलीत भरायचं. चांदीच्या खुराकात आम्ही मीठ घालायचो, तिचं मूत तसंही जळजळीत. त्यात कुठलेच मूग रुजले नसते. म्हणजे सरांनी जे तपासलं, जे जुळलं, जे स्वच्छ निघालं, ते मुगाचं नव्हतं. ते माझ्या बापाच्या नजरेचं होतं. माझ्या प्रबंधातला प्रत्येक आकडा माझ्या बापाने रस्त्यात उभं राहून, एका दृष्टिक्षेपात ठरवलेला होता, आणि मी पाच-पाच दिवस बशीपुढे बसून तो मोजत होते, भक्तिभावाने.

मला तेव्हा काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. राग म्हणावा तर तो पुरेसा शब्द नाही. ज्याच्या हाताला हात लावून मी शिकले, ज्याने मला सांगितलं की डोळे मीट आणि हाताला काय लागतं तेच खरं मान, त्यानेच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि उत्तर खिशात ठेवून मला शोधायला लावलं होतं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्यांना माझ्यावर भरवसा नव्हता. आठ गोंधळलेल्या बशा घेऊन मी सरांपुढे उभी राहू शकेन, 'हे आपल्याकडे चालत नाही' एवढं एक खरं वाक्य लिहून डिग्री मिळवू शकेन, असं त्यांना वाटलंच नाही. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत." ते म्हणाले, "तुला नाही, बशीला." आणि हसायचा प्रयत्न केला. मी त्यांच्याशी त्यानंतर कितीतरी दिवस धड बोलले नाही.

आता खरं सांगायची पाळी माझी. मला काहीच माहीत नव्हतं, हे अर्धंच खरं. सगळ्या 'गाभण' बाटल्या एकाच रंगाच्या होत्या. गडद, जवळजवळ चहासारख्या. वेगवेगळ्या वस्तीवरच्या, वेगवेगळा चारा खाणाऱ्या गाई, आणि सगळ्यांचा रंग एक. पंधराव्या-सोळाव्या बाटलीला मी ती उजेडात धरली होती. हे माझ्या मनात आलं होतं. मी बाटली खाली ठेवली आणि मूग मोजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मावशी दिराला घेऊन दवाखान्यात आली. भांडायला नव्हे. ओट्यावर बसली. आणखी चार-पाच माणसं जनावरं घेऊन आली होती, ती थांबली. डॉक्टरसाहेब बाहेर आले. नवे होते, सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "मॅडम, काय झालं असेल?" तेव्हापर्यंत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. माझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक, की सगळ्याच बाटल्या खोट्या होत्या. दुसरं मी बोलले.

"बाटल्या अब्बा आणायचे. नंबर चिकटवताना त्यांच्याकडून चुकला असेल."

अब्बा खोड्यापाशी तसराळं घेऊन उभे होते, हात साबणाने भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर माझा प्रबंध तिथेच, लिंबाखाली संपला असता. त्यांनी हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. मग म्हणाले, "व्हय. नंबर माझ्याकडून चुकला. रेहानाचं त्यात काही नाही. कौसाबाई, तुमचं बी काही नाही. सासूबाईला सांगा, शेख चुकला."

"मामा, तुमी?" मावशी म्हणाली. एवढंच.

प्रबंध वेळेत दिला. तो स्वीकारला गेला, नावाजला गेला, त्याच्या जोरावर मला नोकरी लागली. इकडे गावात मात्र अब्बांची गोष्ट झाली. त्यांनी औषधाची बाटली पुढे केली की कुणीतरी उजेडात धरून म्हणायचं, "मामा, ही म्हशीची न्हाई ना?" दुसरा म्हणायचा, "वास घिऊन बघ." वाईट हेतू नसायचा. अब्बाही हसायचे. पण रस्त्याने गाय चालली आणि सवयीने कुणी हाक मारली, "मामा, ही कशी हाय?" तर ते बघायचे नाहीत. सुईला धार लावत म्हणायचे, "डॉक्टरांना विचारा." पुढे लोकांनी विचारणं सोडलं.

चांदीला झालेली कालवड वर्षाची होऊ दिली, आणि एका सकाळी अब्बांनी तिच्या गळ्यात नवं दावं बांधलं. मी सुट्टीवर होते. "चल," ते म्हणाले. आम्ही कालवड घेऊन वस्तीवर चालत गेलो. मावशी अंगण सारवत होती. अब्बांनी दावं तिच्या पुढे धरलं. तिने हात पदराला पुसले, बराच वेळ घेतला.

"ठिवून घेते, मामा," ती म्हणाली. "तुमी यवडं चालत आलात म्हनून. पर तुमचा नंबर चुकला ह्यावर माजा इस्वास बसत न्हाई. इतक्या वर्सांत तुमच्या हातनं येक सुई इकडची तिकडं झालेली मी बघितली न्हाई."

हे बोलताना ती अब्बांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेव्हा बोलता आलं असतं. ओट्यावर गर्दी होती, इथे आम्ही तिघेच होतो आणि प्रबंध केव्हाच कपाटात जाऊन बसला होता. मी कालवडीच्या पाठीवर बसलेली माशी हाकलली.

पुढे माझ्या हातून पुष्कळ काम झालं. गाई एका वेळी माजावर आणण्याचं, वांझपणाचं, गर्भ एका गाईतून दुसरीत ठेवण्याचं. त्यातले आकडे खरे आहेत. नमुना मी स्वतः घेते, बाटलीवर नंबर स्वतः लिहिते, विद्यार्थी पाठीमागे हसतात की मॅडमना कुणाचाच भरवसा नाही. त्यांना वाटतं ही शिस्त आहे.

हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी आली. तिने माझा तो जुना प्रबंध कपाटातून काढून वाचला होता आणि तोच प्रयोग पुन्हा करायला घेतला होता. मी परवानगी दिली होती, नाही म्हणायला कारण काय सांगणार? तिने वही पुढे केली. कुठे सात रुजले, कुठे नऊ, कुठे सगळेच काळे. "मॅडम, तुमच्यासारखं येतच नाही," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय. मी पहिल्या काही बशा काढून टाकू का?" तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. जेवत नसावी. मी म्हटलं, "एकही काढायची नाहीस. आलं तसं लिही." ती म्हणाली, "मग तुमचे आकडे?" त्याचं उत्तर म्हणजे हे लिखाण. हे तिला वाचायला देणार आहे, सगळ्यांच्या आधी. प्रबंध जिथे दिला होता तिथेही कळवलं आहे. काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

अम्मी गेल्यावर अब्बा माझ्याकडे नगरला राहायला आले होते. येताना एका पिशवीत दोन जोड कपडे आणि निळ्या काठाच्या उरलेल्या तीन बशा. सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. आमच्या गल्लीतून रोज एक गवळी चार-पाच गाई घेऊन जायचा. एकदा मी चहा घेऊन गेले आणि शेजारी बसले. तोवर मी या विषयातली मोठी बाई झाले होते, आणि मला कळून चुकलं होतं की माझ्या घरात संशोधन करण्याजोगी एकच गोष्ट होती आणि तिच्याबद्दल मी कधी एक ओळ टिपून ठेवली नाही. चाल म्हणजे काय, केस म्हणजे काय, गाय बघते कशी. गाई फाटकासमोरून चालल्या होत्या. अब्बांची मान नकळत वळली होती, मी पाहिलं. मधल्या एका काळ्या गाईवर त्यांची नजर क्षणभर थांबली.

"अब्बा," मी म्हटलं, "ती काळी. गाभण आहे?"

त्यांनी नजर काढून घेतली. कप तिरका केला, चहा सावकाश बशीत ओतला, फुंकर घातली, आवाज करत प्यायला. मग रिकामी बशी माझ्या हातात दिली.

"बशीत बघ," ते म्हणाले.